मैदान सुटल्यावर कडेला कसं उभं राहायचं?

मागच्या अंकात या सदरात मी ह्यू कॅम्पबेल या माणसाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. कॅनडातल्या फुटबॉलमध्ये, म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन पळायच्या तिथल्या खेळात, हा आधी रिसीव्हर होता, लांबून फेकलेला चेंडू झेलणारा. पुढे तो प्रशिक्षक झाला आणि त्याने एडमंटनच्या संघाला १९७८ ते १९८२ अशी ओळीने पाच वर्षं ग्रे कप, म्हणजे तिथलं अजिंक्यपद, मिळवून दिलं. तेवढ्यावरून एकोणीस पत्रं आली. त्यातली बहुतेक आपल्याच परभणी, लातूर, हिंगोली, धाराशिव, बीडकडची. खेळ सुटलेली किंवा सुटत आलेली इतकी माणसं आपल्याकडे मनात हाच प्रश्न घेऊन बसली असतील असं मला वाटलं नव्हतं. म्हणून या वेळी सदराची सगळी जागा त्यांना.

हे सगळं अंबाजोगाईत बसून मला कसं ठाऊक, असंही काहींनी विचारलंय. माझा धाकटा मुलगा एडमंटनला असतो. एक अख्खा हिवाळा मी त्याच्याकडे काढला. शेजारच्या आजोबांनी त्या पाचही अंतिम सामन्यांच्या टेप जपून ठेवल्या होत्या. माझं इंग्रजी बेताचं, त्यांना मराठीचा गंध नाही. पण मी एकतीस वर्षं मुलींना खो-खो शिकवलेला, आणि कोणता गडी आता कुठे वळणार हे पाहायला भाषा लागत नाही. बाहेर बर्फ, आत आम्ही दोघं टीव्हीसमोर. बाकीचं मुलाने वाचून दाखवलं.

प्रश्न : आदरणीय बाई, मी जिंतूर तालुक्यातला. वय २९. नऊ वर्षं कबड्डीत चढाई केली, विद्यापीठाकडून खेळलो, राज्य स्पर्धेपर्यंत गेलो. दोन वर्षांमागे गुडघ्याचं लिगामेंट गेलं. ऑपरेशन झालं, पण डॉक्टर म्हणतात आता मॅट विसर. गावातली पोरं म्हणतात, दादा, तुम्ही आम्हाला शिकवा. ज्याला खेळ येतो त्याला शिकवता येतंच ना? तुमचा तो कॅनडावाला तसाच झाला ना? – एक चढाईपटू

उत्तर : बाळा, तसा नाही झाला. म्हणून तुझं पत्र सगळ्यात वर घेतलं.

कॅम्पबेल मूळचा अमेरिकेतला. १९६३ साली तो कॅनडातल्या सस्कॅचवानच्या संघात आला. हा गव्हाचा प्रांत. नजर जाईल तिथवर सपाट रान, आपल्या गंगाथडीच्या ज्वारीच्या रानासारखं, फक्त त्याहून अफाट. रेजायना हे त्याचं मुख्य शहर आणि या शहराचा संघ १९१० पासूनचा. पण १९६६ उजाडेपर्यंत त्यांनी ग्रे कप एकदाही जिंकला नव्हता. संघात चेंडू फेकणारा रॉन लँकेस्टर होता, बुटका पण डोक्याने तल्लख. त्याने फेकायचा आणि कॅम्पबेलने झेलायचा. हातात आलेला चेंडू याच्याकडून सुटत नसे, म्हणून लोकांनी नाव पाडलं ‘ग्लूई ह्यूई’. आपण ‘डिंक्या’ म्हटलं असतं. १९६६ च्या एका हंगामात त्याने १७ टचडाऊन केले, म्हणजे १७ वेळा चेंडू झेलून किंवा झेललेला घेऊन शेवटच्या रेषेपार गेला. त्याच वर्षी व्हँकुव्हरला अंतिम सामन्यात ओटावाला २९-१४ असं हरवून सस्कॅचवानने पहिला ग्रे कप घेतला, आणि त्यातही लँकेस्टरच्या फेकीवर याचा एक टचडाऊन होता.

आता पुढचं नीट वाच. एवढं नाव झालेला माणूस खेळ थांबल्यावर लगेच मोठ्या संघाचा प्रशिक्षक झाला नाही. १९७० मध्ये तो वॉशिंग्टन राज्यात स्पोकेन गावी व्हिटवर्थ नावाच्या छोट्या कॉलेजात गेला आणि तिथे सात हंगाम पोरांना शिकवत राहिला. शिकायला आलेली कॉलेजची पोरं, खेळ हा त्यांचा धंदा नव्हे. १९७७ ला एडमंटनने बोलावलं तेव्हा लोकांना आठवला तो रिसीव्हर. तयार झाला होता तो मात्र या सात वर्षांत. सगळे पाच ग्रे कप सांगतात. मला विचारशील तर त्याच्या आयुष्यातला मोलाचा काळ हाच.

हे इतक्या खात्रीने सांगते, कारण मी ती सात वर्षं वगळायचा प्रयत्न केला होता आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या लेकराने मोजली. मी खो-खोत पाठलाग करणारी. लांब ढांगा, खांबाला सूर मारून गडी बाद करायची, त्यावर टाळ्या मिळायच्या. १९८४ ला शाळेत लागले आणि पहिल्याच वर्षी सगळ्या मुलींना सूर मारायला लावला. मला तेवढंच येत होतं आणि तोच मला खो-खो वाटत होता. त्यात सातवीतली एक बारकी पोर होती. संरक्षणात साखळी खेळायची, पाठलाग करणारणीला पत्ता लागू द्यायची नाही. तिला सोडायला हवं होतं तसंच खेळायला. मी तिलाही खांबावर धाडलं. तिसऱ्या आठवड्यात तिची हासळी मोडली. वडील सायकलवर आले, एक शब्द बोलले नाहीत, पोरीला घेऊन गेले. ती परत मैदानावर आली नाही. तिचा पळतानाचा वळसा मला अजून जसाच्या तसा आठवतो.

आपल्या अंगाने जे जमतं ते दुसऱ्याच्या अंगाने जमेलच असं नसतं. खेळाडूला स्वतःचं एकच अंग कळतं. प्रशिक्षकाला बारा पोरांची बारा अंगं कळावी लागतात. हे शिकायला वर्षं जातात आणि ती चार लोकांच्या नजरेआड गेलेली बरी.

पण तुझ्यापाशी काय उरलंय तेही बघ. टेप बघताना माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. रिसीव्हर चेंडूच्या मागे पळत नाही, चेंडू जिथे येणार तिथे पळतो. त्यासाठी त्याला फेकणाऱ्याचा खांदा कळावा लागतो, अंगावर येणाऱ्याचा भार कोणत्या पायावर आहे ते कळावं लागतं, आणि हे सगळं पळता पळता. तुझंही तेच की. डावा कोपरा कधी झेपावणार, कोणत्या टाचेवर त्याने भार दिलाय, मधली साखळी कधी तुटते, हे नऊ वर्षं तू श्वास रोखून पाहिलंस. गुडघा गेला, ती नजर कुठे गेली? फक्त ती अजून मुकी आहे. तिला बोलायला शिकव.

त्यासाठी एक काम सांगते. शंभर पानी वही घे. पोरं खेळताना कडेला बस आणि एकेका पोराच्या दहा चढाया लिही. पहिलं पाऊल कुठे पडलं, किती वेळ आत होता, कोण हललं, कुठे अडकला. तीन महिने स्वतः मॅटवर उतरून एकही चढाई करून दाखवायची नाही. गुडघ्यासाठी तर नाहीच, पण मुख्य म्हणजे करून दाखवलंस की सांगायचं राहून जातं आणि पोरं तुझी नक्कल करतात. त्यासोबत कागदाचंही बघ. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षणाची एक वर्षाची पदविका आहे आणि सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही आहे. पदवी झाली असेल तर बी.पी.एड.चा विचार कर, शाळेत नोकरीला ते लागतं. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. तुझी राज्य स्पर्धेची प्रमाणपत्रं त्यात बसतात का हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचार आणि पडताळणी करून घे. कपाटात ठेवलेल्या प्रमाणपत्राला वाळवी लागते, हे मी दोन पोरांच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलंय.

आणि कबड्डीतलंच उदाहरण हवं असेल तर मनप्रीत सिंग बघ. प्रो कबड्डीत कर्णधार म्हणून पाटण्याला जिंकून दिलं आणि पुढे २०२४ मध्ये हरियाणाचा प्रशिक्षक म्हणून जिंकला. त्याचा जुना एखादा सामना लाव आणि त्यानंतर कडेला उभा असलेला मनप्रीत बघ. दोन्हीतला फरक वहीत लिहून मला पाठव.

प्रश्न : हा खेळ आणि अमेरिकेत खेळतात तो फुटबॉल एकच का? टीव्हीवर तर सारखेच दिसतात. – एक निवृत्त ग्रंथपाल, हिंगोली

उत्तर : भावंडं आहेत, पण एक नव्हेत. अमेरिकेत एका बाजूला ११ खेळाडू, कॅनडात १२. तिथलं मैदान दोन्ही गोलरेषांमध्ये १०० यार्ड, कॅम्पबेल ज्यावर खेळला ते ११० यार्ड लांब आणि ६५ यार्ड रुंद. आणि मुख्य फरक असा की, १० यार्ड पुढे सरकायला अमेरिकेत चार संधी मिळतात, कॅनडात तीनच. एक फुकट गेली की हातात फार काही उरत नाही. म्हणून लांब फेकून झेलण्यावर जोर जास्त आणि रिसीव्हरला किंमत जास्त.

आणखी एक बारकावा मला फार आवडला. कॅनडात चेंडू खेळात येण्याआधीच रिसीव्हर, चेंडू जिथून खेळात येतो त्या रेषेकडे, धावत सुटू शकतो. चेंडू सुटतो तेव्हा तो आधीच वेगात असतो. आपल्या खो-खोत खो मिळाल्याशिवाय जागेवरून उठता येत नाही, त्यामुळे आपल्या मुलींची सगळी ताकद उठण्याच्या त्या क्षणात लागते. तिकडची ताकद लागते ती रेषा न ओलांडता पूर्ण वेगात तिथवर पोचायला. आपण ग्रंथपाल होतात म्हणून हे जरा सविस्तर लिहिलं, आपल्याला बारकावे चालतात.

प्रश्न : बाई, मी औसा तालुक्यातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे. गेल्या वर्षी जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात आमची सगळ्यात चांगली मुलगी पहिल्या डावात काहीच करू शकली नाही. गुण जात होते. तिला बाहेर काढायचं धाडस झालं नाही, सगळं गाव तिच्यासाठी आलं होतं. हरलो. आता लोक म्हणतात सरांनी तिला बसवायला पाहिजे होतं. काय करायला हवं होतं? – एक शिक्षक

उत्तर : सर, तुमचं पत्र वाचून मी ती १९८१ ची टेप आठवून आठवून पाहिली.

२२ नोव्हेंबर १९८१, माँट्रियल. एडमंटनने त्या वर्षी साखळीतल्या १६ पैकी १४ सामने जिंकले होते, एक गमावला, एक बरोबरीत. समोर ओटावा, १६ पैकी फक्त पाच जिंकलेला. सगळ्यांनी निकाल आधीच लावून टाकलेला. आणि मध्यंतराला ओटावा २०, एडमंटन १.

एडमंटनकडून चेंडू फेकणारा वॉरन मून होता. त्याची गोष्ट थोडक्यात सांगते. १९७८ साली अमेरिकेतल्या एकाही व्यावसायिक संघाने त्याला निवडलं नाही. काळ्या मुलाने क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, व्हावं हे तेव्हा तिथल्या पुष्कळांच्या पचनी पडत नव्हतं. एडमंटनने मात्र त्याला त्याच जागेवर खेळवलं. तर हा मून त्या दिवशी पुरता चाचपडत होता. कॅम्पबेलने काय केलं? पहिल्या अर्ध्यातच त्याला बाहेर घेतलं आणि टॉम विल्किन्सनला पाठवलं. विल्किन्सन ३८ वर्षांचा, कारकिर्दीतला शेवटचा सामना खेळणारा. त्याने घाई केली नाही, खेळ जरा स्थिर केला.

इथवर सगळ्यांना कळतं. मी सांगतेय ते याच्या पुढचं आहे. दुसऱ्या अर्ध्यात कॅम्पबेलने मूनला परत आत पाठवलं. मून दोनदा स्वतः चेंडू घेऊन रेषेपार घुसला, एडमंटनने २३-२३ अशी बरोबरी केली आणि शेवटच्या काही सेकंदांत डेव्ह कटलरने चेंडू पायाने गोलखांबांमधून मारला, त्याचे तीन गुण आले. २६-२३.

टेपमध्ये मून कडेला उभा असतानाचे दोन-तीन क्षण आहेत. मी आजोबांना ते पुन्हा पुन्हा लावायला सांगत होते. डोकं खाली नव्हतं, मैदानाकडे बघत होता. बाहेर घेणं म्हणजे शिक्षा आहे असं वाटलं असतं तर तो परत येऊन तसा खेळला नसता, हे मला माझ्या मुलींवरून ठाऊक आहे.

म्हणून सर, चूक त्या दिवशीची नाही. त्या दिवशी तुम्ही तिला बसवलं असतं तरी ती रडली असती, गाव चिडलं असतं, आणि परत आत पाठवल्यावर तिचे पाय थरथरले असते. ही तयारी जून-जुलैत करायची असते. सरावात तुमच्या सगळ्यात चांगल्या मुलीला दर आठवड्याला एकदा बाहेर घ्या, जवळ उभं करा, समोरच्या संघातलं काय दिसतंय ते विचारा आणि पाच मिनिटांनी आत पाठवा. बाकीच्यांनाही तसंच. बाहेर येणं म्हणजे बघायला येणं, ही सवय लागली की अंतिम सामन्यात तुम्हाला धाडस करावं लागणार नाही. आणि मुलीच्या घरीही एकदा जा. गेल्या वर्षीपासून ती लेक हरल्याचं ओझं एकटी वागवत असेल.

प्रश्न : कळंब तालुक्यातल्या एका मंडळाच्या संघाला मी दोन वर्षं शिकवतोय. स्वतः राष्ट्रीय खेळलेला आहे. दोन वर्षांत मोजून तीन सामने जिंकलो. मंडळ आता दुसरा माणूस बघतंय. मी या कामाचा नाहीच का? – नाव नको

उत्तर : वर जिंतूरच्या मुलाला मी रॉन लँकेस्टरबद्दल लिहिलंय, कॅम्पबेलकडे चेंडू फेकणारा. तोही प्रशिक्षक झाला. १९७९ मध्ये सस्कॅचवाननेच, त्याच्या स्वतःच्या संघाने, त्याला नेमलं. त्या वर्षी १६ पैकी दोन सामने जिंकला, चौदा हरला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, दोन आणि चौदा. आणि ही दोन्ही वर्षं त्याचा जुना जोडीदार एडमंटनला ग्रे कप उचलत होता. एकाच मैदानावर, एकाच चेंडूवर वाढलेले दोघं. लँकेस्टरला काय वाटलं असेल, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

लँकेस्टरचं ते काम सुटलं. नंतर दहा वर्षं तो टीव्हीवर सामन्यांचं वर्णन करत होता. १९९१ मध्ये एडमंटनने त्याला पुन्हा प्रशिक्षक केलं. तेव्हा एडमंटनचा कारभार पाहत होता ह्यू कॅम्पबेल. १९९३ ला लँकेस्टरने एडमंटनला ग्रे कप जिंकून दिला आणि १९९९ ला हॅमिल्टनलाही.

आणि कॅम्पबेलचंही सगळं सोन्याचं नव्हतं. एडमंटनमधल्या पहिल्याच वर्षी, १९७७ ला, तो अंतिम सामना ४१-६ असा हरला. मैदानावर बर्फ होता आणि माँट्रियलच्या खेळाडूंनी बुटांच्या तळाला स्टेपलच्या पिना मारून पकड मिळवली होती. पुढे १९८४ मध्ये तो अमेरिकेत ह्यूस्टनला गेला, मूनही तिथेच आला. तोच प्रशिक्षक, तोच क्वार्टरबॅक. दोन हंगाम पुरे व्हायच्या आत त्याला काढलं, तोवर आठ विजय आणि बावीस पराभव.

तेव्हा तीन सामने हा आकडा माझ्यासमोर ठेवून काही कळत नाही. मला पुढच्या पत्रात हे कळवा : दोन वर्षांपूर्वी तुमच्याकडे आलेली पोरं किती होती, त्यातली आज किती येतात? उन्हाळ्यात पाणी कोण आणतं? जे पोरगं तेव्हा पकडीत सुटायचं ते आता सुटतं का? पोरं टिकली असतील आणि सुधारली असतील, तर मंडळापुढे जाऊन तेवढंच मांडा आणि तिसरं वर्ष मागून घ्या. पोरं निघून गेली असतील, तर थोडे दिवस दुसऱ्या चांगल्या माणसाच्या हाताखाली काम करा. राष्ट्रीय खेळाडूने दुसऱ्याच्या हाताखाली सहायक म्हणून उभं राहावं यात काही उणेपणा नाही. आपल्याकडे तो वाटतो आणि त्यामुळे बरीच चांगली माणसं घरी बसलीत, याचं मला फार वाईट वाटतं.

प्रश्न : माझी मुलगी खो-खोत तालुक्याच्या पुढे गेली नाही. पण तिला प्रशिक्षकच व्हायचंय. घरचे म्हणतात जी स्वतः खेळली नाही तिचं कोण ऐकणार? – एक आई, अंबाजोगाई

उत्तर : ताई, ज्याच्याबद्दल एवढं लिहिलं त्या कॅम्पबेलचा मुलगा रिक. वडिलांसारखं मोठ्या मैदानावर खेळाडू म्हणून त्याचं नाव नाही. तो प्रशिक्षकच झाला, आधी वर्षानुवर्षं सहायक. २०१४ ला ओटावाचा नवा संघ उभा राहिला, तो त्याच्या हाती दिला. पहिल्या वर्षी १८ पैकी दोन सामने जिंकले. दुसऱ्या वर्षी अंतिम सामन्यापर्यंत जाऊन हरले. तिसऱ्या वर्षी, २०१६ ला, कॅल्गरीला जादा वेळेत ३९-३३ हरवून ग्रे कप घेतला.

मुलीला नजर आहे का एवढंच बघायचं. तुम्ही अंबाजोगाईतच आहात तर सोपं आहे. पहाटे साडेपाचला मी कॉलेजच्या मैदानावर असते, बुधवार सोडून. लहान गटाच्या चौदा मुली येतात. तिला वही-पेन घेऊन पाठवा. पहिल्या दिवशी मी तिला काहीच सांगणार नाही. सराव संपला की फक्त विचारीन, चौदातल्या कोणत्या मुलीचा डावा पाय आधी पडतो.